साकेतोबा घ्यावं की सुरुमे?
जपानमधल्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये होक्काइदो या उत्तरेकडच्या बेटाच्या पदार्थांचं प्रदर्शन भरलं, की सुक्या मासळीच्या काउंटरवर हे दोन हमखास दिसतात.

साकेतोबा म्हणजे कातडीसकट लांब पट्ट्या कापून, खारवून, थंड वाऱ्यावर वाळवलेला सॅल्मन. काही जण धुरीही देतात. पाकीट फोडलं की थेट तोंडात. चावता चावता तेल सुटतं आणि खारटपणामागून गोडसर चव येते. कातडी टाकू नका, जराशी शेकली की कुरकुरीत होते.

सुरुमेचं काम जरा मेहनतीचं. हे चिरून, सपाट करून वाळवलेलं माकुल. वरची पांढरी पूड बघून बुरशी समजू नका. टॉरिनसारखी द्रव्यं वाळताना आतून वर येतात, तीच ती. विस्तवावर धरलं की आक्रसून वळतं, आणि वास असा सुटतो की भाजलेला सुका बोंबीलही लाजेल. गरम असतानाच उभं फाडायचं, मेयोनीज आणि शिचिमी या तिखट मसाल्यात बुडवायचं. कवळी असेल तर नादाला लागू नका.

ट्रेनमध्ये खायला साकेतोबाच बरं. सुरुमे भाजणार कुठे? पण घरी मित्र जमणार असतील आणि सोबत गरम साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू असेल, तर माझं मत सुरुमेला.