बोनेअरला तीन महिने: डाइव्ह रिसॉर्ट निवडताना आधी टाक्यांची शेड बघा

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ. जानेवारीच्या पहिल्या शनिवारी न्यूअर्कहून कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटावर गेलो आणि मार्चअखेर परतलो. बारा आठवडे, एकच रिसॉर्ट. माझ्या लॉगबुकात या मुक्कामाच्या, पाठीवर हवेची टाकी घेऊन मारलेल्या १३१ डाइव्ह आहेत, नवऱ्याच्या शून्य. त्याला पाण्याची भीती नाही, पण तीन मीटर खाली गेलं की त्याचा डावा कान संप पुकारतो. बेटाला दहापैकी साडेनऊ, रिसॉर्टला साडेसहा. पुढच्या हिवाळ्यात बेट तेच, रिसॉर्ट दुसरं. नाव लिहीत नाही. तक्रारी आहेत, पण तिथली माणसं लाख मोलाची होती.

मी अठ्ठावन्न वर्षांची, उजवा गुडघा कुरकुरणारा. डाइव्हिंग शिकले ते तारकर्लीला, पन्नाशीला टेकल्यावर. मालवणच्या पाण्यात पाच-सहा मीटरवरचं दिसलं तरी त्या दिवशी आम्ही खूश असायचो. नोकरीतून मोकळी झाल्यावर पहिला हिवाळा न्यू जर्सीत बर्फ ढकलत काढायचा नाही, एवढंच पक्कं होतं.

कॅरिबियन म्हणजे काही एक जागा नव्हे, आणि हिवाळ्यात तर मुळीच नव्हे. कोझुमेलचे प्रवाह मला मनापासून आवडतात, पण तिथे सगळं बोटीवर अवलंबून. हिवाळ्यात उत्तरेचा वारा सुटला की बंदर लहान बोटींना बंद होतं आणि तुम्ही हॉटेलात टॅको खात बसता. रोआतान खिशाला परवडतं, पण पावसाळा तिथे जानेवारीपर्यंत रेंगाळतो, शिवाय वाळूतल्या बारीक माश्या चावतात त्या वेगळ्याच. लिटल केमनची पाण्याखालची ब्लडी बे भिंत एकदा तरी बघायचीच आहे, पण तिथे तीन महिने राहायचं तर घर गहाण टाकावं लागेल. बोनेअर साधारण १२ अंश उत्तरेला, व्हेनेझुएलाच्या अंगाला, चक्रीवादळांच्या मुख्य वाटेपासून बाजूला. शाळेत भूगोलात शिकलेले व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात आणि डाइव्हच्या जागा जवळजवळ सगळ्या पश्चिमेच्या आडोशाला. जानेवारी ते मार्च वारा जोरात असतो. पूर्वेच्या किनाऱ्यावर लाटा खडकावर डोकं आपटत असतात आणि पश्चिमेला त्याच वेळी पाणी तळ्यासारखं. बारा आठवड्यांत समुद्रामुळे माझे चार दिवस बुडाले, फक्त चार.

निवड करताना मी चुकले ती इथे. रिसॉर्टचे फोटो बघितले: समुद्राकडे तोंड असलेली बाल्कनी, पूल, नाश्त्याची टेबलं. बघायला हवी होती टाक्यांची शेड.

बोनेअरचा मामला असा आहे. इतर बेटांवर सकाळी बोट निघते, दोन डाइव्ह करून दुपारी जेवायला परत. इथे तुम्हाला एक पिकअप ट्रक देतात आणि म्हणतात, जा. किनाऱ्याच्या रस्त्याला लागून पिवळे रंगवलेले दगड आहेत, त्यावर जागेचं नाव. दगड दिसला की ट्रक लावायचा, सामान चढवायचं आणि चालत पाण्यात शिरायचं. किनाऱ्यावरून उतरता येतील अशा पन्नासहून जास्त जागा आहेत. म्हणजे रिसॉर्टचं खरं काम पेट्रोल पंपाचं. टाक्या भरून ठेवायच्या आणि आल्यावर सामान धुवायला गोडं पाणी द्यायचं. आमच्या रिसॉर्टात शेड मागच्या बाजूला, पार्किंग वर, आणि मध्ये अकरा पायऱ्या. भरलेली अ‍ॅल्युमिनियमची टाकी सोळा-सतरा किलोंची. रोज दोन-तीन टाक्या वर न्यायच्या, रिकाम्या खाली आणायच्या. ‘अनलिमिटेड एअर’ असं जाहिरातीत लिहिलेलं होतं. गुडघे मात्र प्रत्येकाला दोनच मिळतात.

शेडवर एक स्थानिक काका असायचे. साठीचे, डोक्यावर कायम तीच हॅट. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला पायऱ्यांवर धापा टाकताना पाहिलं आणि टाकी हातातून काढून घेतली. ‘पोको पोको, दुशी.’ इथल्या पापियामेंतू भाषेत पोको पोको म्हणजे हळूहळू, आणि दुशी म्हणजे गोड, लाडकी, चवदार, सगळंच. त्या दिवसानंतर सकाळी आठला माझ्या दोन टाक्या ट्रकच्या मागे ठेवलेल्या असत. हे पॅकेजमध्ये नव्हतं. तुम्हाला असे काका भेटतील याची हमी मी देऊ शकत नाही, म्हणून सांगते: बुकिंगआधी मेल करून एकच प्रश्न विचारा, ट्रक टाक्यांच्या शेडला लागतो का?

दुसरी तक्रार जास्त गंभीर. पॅकेजमध्ये नायट्रॉक्स होतं, म्हणजे साध्या हवेपेक्षा जास्त, ३२ टक्के ऑक्सिजनचं मिश्रण. नियम असा की प्रत्येक टाकी आपल्या हाताने मोजायची, आकडा चिकटपट्टीवर लिहायचा, वहीत सही करायची. पाचव्या आठवड्यात एका टाकीवर आधीच पट्टी होती, ३२. सवयीने ऑक्सिजन मोजणारा अ‍ॅनालायझर लावला. आकडा चढत चढत २८ वर थांबला. मशीन बिघडलं असेल म्हणून हवेत धरलं, साध्या हवेचा बरोबर २०.९ आकडा आला. पुन्हा टाकीला लावलं, पुन्हा २८. हा हिशेब ठेवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरवर ३२ ठेवून त्या टाकीवर दिवसात तिसरी डाइव्ह केली असती, तर शरीरात नायट्रोजन माझ्या हिशेबापेक्षा जास्त साठला असता आणि कॉम्प्युटरला त्याचा पत्ताही नसता. ऑफिसातल्या तरुण मॅनेजरने ‘होतं असं कधी कधी’ म्हणून खांदे उडवले. दहातला एक पूर्ण गुण तिथेच गेला. काकांनी मात्र त्या रांगेतल्या सगळ्या टाक्या बाजूला काढल्या आणि एकेक मोजत बसले.

चांगलं काय होतं? रिसॉर्टसमोरचं रीफ, म्हणजे प्रवाळांचा पट्टा. धक्क्यावरून शिडी, शिडीखाली पाच मीटर पाणी, आणि तीस-चाळीस मीटर पोहत गेलं की उतार सुरू. शिडीची किंमत बोनेअरला गेल्याशिवाय कळत नाही. बाकीच्या बहुतेक जागी मेलेल्या प्रवाळांचे तुकडे किंवा खाऊन खाऊन सुरीसारखा झालेला चुनखडीचा खडक तुडवत पाण्यात शिरावं लागतं. जाड तळव्याचे बूट न्या, पातळ मोज्यांसारखे नकोत. मरीन पार्कात, म्हणजे बेटाभोवतीच्या राखीव पाण्यात, हातमोजे घालायला बंदी आहे, म्हणजे आधारासाठी कुठेही हात टेकायची सोय नाही. मी दोनदा बसकण मारली, एकदा टाकीसकट. रात्री याच शिडीवरून उतरलं की टॉर्चच्या उजेडात टार्पन मासे मागे लागतात, माणसाच्या लांबीचे, चांदीच्या पत्र्यासारखे. तुमच्या उजेडावर ते शिकार करतात. आपण दिवा दाखवायचा आणि त्यांनी जेवायचं.

बडीचा, म्हणजे पाण्याखालच्या जोडीदाराचा प्रश्न मला जायच्या आधी सतावत होता, कारण नवरा कोरडा. तो आपोआप सुटला. हिवाळ्यात इथे दोन-दोन, तीन-तीन महिने राहणारे निवृत्त लोक बरेच असतात. शेडजवळच्या फळ्यावर नाव लिहून ठेवलं आणि संध्याकाळी एक डच बाई दार ठोठावत आली, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. डाइव्हआधी ती माझं सामान असं तपासायची की मला आमच्या मुलुंडच्या शाळेतल्या पीटीच्या बाई आठवायच्या.

खर्चाचं थोडक्यात. चलन अमेरिकन डॉलरच, २०११ पासून. बेट नेदरलँड्सचा भाग आहे, पण युरो विसरा. बाहेरच्या प्रवाशाला ७५ डॉलर प्रवेश कर, शिवाय मरीन पार्कची ४० डॉलर फी, ती वर्षभर चालते. पार्क १९७९ पासूनचं, भरतीच्या रेषेपासून ६० मीटर खोलीपर्यंत बेटाभोवतीचं सगळं पाणी त्यात येतं, आणि नांगर टाकायला मनाई आहे. पहिल्या दिवशी माहिती ऐकून एक चाचणी डाइव्ह करावी लागते, मगच ट्रक घेऊन सुटायचं. आमच्या रिसॉर्टने विजेचं बिल वेगळं लावलं आणि हे बुकिंगच्या पानावर अगदी तळाशी, मुंगीच्या अक्षरात होतं. एसी रात्रभर चालवणाऱ्यांनी तळ आधी वाचावा.

ट्रक कुलूप न लावता, काचा खाली ठेवून उभा करायचा, आत काही ठेवायचं नाही. हे सगळे सांगतात आणि तरी मी एक टॉवेल, एक चप्पल जोड आणि अर्धी भरलेली पाण्याची बाटली गमावली. अर्धी बाटली कोणी का नेली हे कोडं सुटलेलं नाही. दुसरं म्हणजे उत्तरेकडचा किनारी रस्ता पुढे एकेरी होतो. कार्पाताचा दगड बोलता बोलता हुकला की रिंकॉन गावाला वळसा घालून घरी. आमचा दोनदा हुकला. त्याच रस्त्यावर ‘थाउजंड स्टेप्स’ नावाची जागा आहे. पायऱ्या सत्तरच्या आतबाहेर, पण टाकी पाठीवर घेऊन वर येताना नाव खरं वाटतं.

दक्षिणेला गेलं की मिठागरं लागतात. मुलुंडला वाढलेल्या माणसाला मिठागराचं कौतुक नसतं, पण इथली तळी गुलाबी आहेत आणि त्यांच्या कडेला फ्लेमिंगो उभे असतात. मिठाचे पांढरे डोंगर, आणि जहाजात मीठ भरायचा लांब धक्का. त्या धक्क्याच्या खांबांखालची डाइव्ह माझी सगळ्यात आवडती. खांबांवर केशरी, जांभळे, पिवळे स्पंज, मध्ये उभे तिरपे ऊन आणि त्यातून पिवळ्या माशांचे थवे. जहाज लागलेलं असेल तर उतरायला मनाई, म्हणून आधी रस्त्यावरून बघून यायचं. आणखी पुढे समुद्राकाठी दगडी खोपटी आहेत, १८५० च्या सुमारास मिठावरच्या गुलामांसाठी बांधलेली. दार माझ्या कमरेएवढं. आठवड्याची सुटी मिळाली की ही माणसं चालत रिंकॉनला घरी जायची, तासन् तास. गुलामी इथे १८६३ मध्ये संपली. पाण्यातून वर आल्यावर वेटसूट वाळत घालायला लोक याच खोपटांच्या आसपास ट्रक लावतात. मी एकदा लावला, परत नाही लावला.

पाण्याखालचं सगळंच सुंदर आहे असं लिहिलं तर ते खोटं होईल. मार्च २०२३ मध्ये इथे दगडी प्रवाळांचा तो रोग सापडला, ज्यात जिवंत ऊतक अक्षरशः गळून पडतं. मेंदूसारख्या गोल प्रवाळावर पांढरा चट्टा दिसतो आणि तो पसरत जातो. आमच्या समोरच्या रीफवर सात मीटरवर असा एक होता, जात्याएवढा. जानेवारीत त्यावर तळहाताएवढा चट्टा होता, मार्चमध्ये जिवंत भाग तळहाताएवढा उरला. म्हणून सामान जंतुनाशक पाण्यात बुडवायची पद्धत आली आहे. आमच्या रिसॉर्टात ते पिंप होतं, पण पाणी कधी बदलत होते देव जाणे. पुढच्या वेळी रिसॉर्ट निवडताना मी हेही विचारणार आहे.

किरकोळ: पाणी २६ अंशांचं. पहिले दोन आठवडे तीन मिलिमीटरचा सूट भरपूर वाटतो, मग रोज तीन डाइव्ह करून हाडं गारठतात. पाच मिलिमीटरचा न्या. नळाचं पाणी समुद्राचं गोडं केलेलं, बिनधास्त प्यावं. तूरडाळ आणि गोडा मसाला आम्ही नेला होता. भाजी जहाजाने येते, त्यामुळे कोथिंबीर दिसली की घेऊन टाकायची, उद्याचा भरवसा नाही.

नवऱ्याचा अहवाल वेगळा मागितला होता. त्याच्या मते डाइव्ह न करणाऱ्याला हे बेट तीन आठवडे पुरतं. वॉशिंग्टन-स्लागबाई पार्क, गोतोमेर तळ्यावरचे फ्लेमिंगो, रस्त्यात आडवी येणारी गाढवं, लाक बे खाडीवर वाऱ्यात पडत-उठत विंडसर्फिंग, झालं. उरलेले नऊ आठवडे तो माझा ड्रायव्हर होता आणि बेटावर एकही सिग्नल नाही याचं त्याला शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

आणि आता ती रात्र, जिच्यासाठी मी परत जाणार आहे. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी, सूर्यास्तानंतर पाऊण तासाने, उथळ पाण्यात ऑस्ट्राकॉड नावाचे तिळाएवढे जीव चमकतात. नर मादीला बोलावायला उजेडाचे ठिपके सोडत वर जातात. सूर्य बुडालेला आणि चंद्र अजून उगवायचा, असा पूर्ण काळोख लागतो. डच बाई कॅलेंडर काढून तारखा मोजत होती. मी म्हटलं, मोजू नका, ही आमची संकष्टी. आमचा अख्खा दिवस चंद्रोदयाची वाट बघण्यात जातो. तिने माझ्या फोनवरचं पंचांग बघून तारीख लिहून घेतली.

केळी आणि दाणे खाऊन शिडीवरून उतरलो, सहा मीटरवर गुडघे न टेकता तरंगत राहिलो आणि टॉर्च विझवले. आधी काहीच नाही, फक्त स्वतःच्या श्वासाचे बुडबुडे. मग हाताच्या अंतरावर एक निळा ठिपका, त्याच्या वर दुसरा, तिसरा, कोणीतरी काळोखात मणी ओवत असल्यासारखे. पाहता पाहता चहूकडे माळा. वीस मिनिटांनी विझल्या.

वर आलो तेव्हा नवरा ट्रकच्या मागच्या फळीवर साबुदाण्याच्या खिचडीचा डबा मांडीवर घेऊन बसला होता. मी हात पुढे केला तर म्हणाला, ‘थांब, अजून उगवला नाहीये.’