वाट पाहणे, प्रतीक्षा की अपेक्षा?

गणपतीला मुंबईच्या माणसांना बोलावणं धाडायचं असेल, तर 'आपली उपस्थिती अपेक्षित आहे' असं लिहू नका. अपेक्षा आणि प्रतीक्षा दोन्ही संस्कृतातल्या 'ईक्ष्' म्हणजे पाहणे या धातूतून आलेले, पण मराठीत दोघांनी वेगळी चूल मांडली. अपेक्षेत समोरच्याने काहीतरी करायचं असतं. रजा मिळाली नाही म्हणून पुतण्या तळमळत असताना त्याला हा शब्द टोचतो. 'वाट पाहतोय' म्हटलं की सगळं काम आपल्याकडे: पाणंदीच्या वळणाकडे डोळे लावून बसायचं, येणाऱ्यावर ओझं नाही. मालवणीत तर 'गणपतीक येवा, वाट बघतंय' एवढं पुरतं.

प्रतीक्षेचा अर्थ वाट पाहण्याचाच, पण हात राखून. प्रतीक्षायादी, प्रतीक्षालय इथे तो शोभतो. घरच्या पत्रात नको.

आतुरता आणि उत्कंठा यांची मात्र फार गल्लत होते. आयुर्वेदात आतुर म्हणजे रोगी. त्या शब्दात अजूनही थोडा ताप आहे. पुढे काय यायचंय ते माहीत असतं, फक्त धीर धरवत नाही. पावसाळी मासेमारीबंदीमुळे १ जूनपासून यांत्रिक बोटी किनाऱ्याला लागतात. जाळी शिवून, बोट रंगवून नारळी पौर्णिमेकडे डोळे लावलेला कोळी आतुर असतो. उत्कंठेत कंठ आहे, मान उंचावून बघणं आहे, आणि पुढचं ठाऊक नसणंही. हंगामातलं पहिलं जाळं वर ओढताना त्यात काय असेल, ती उत्कंठा. लग्नपत्रिकेत म्हणूनच आतुरता बरी. बोट परतायला उशीर झाला की घरात दाटते ती हुरहूर. तिला या दोन्ही शब्दांत बसवू नये.

अंदाज हवामान खात्याचा, चाहूल आपली. मला चाहूल हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो, कारण तिच्यात येणाऱ्याचं पाऊल आधीच वाजलेलं असतं. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागतो ७-८ जूनच्या सुमारास. ओल्या मातीत लाल मखमली किडे दिसले की ती पावसाची चाहूल.

आणि पाऊस दडी मारून बसला, तरवा, म्हणजे भाताची रोपं, पिवळा पडू लागला, तर 'शेतकऱ्यांना पावसाची अपेक्षा' असं लिहू नका. शेतकरी पावसाची आस लावून बसलेला असतो.