अलास्काची बोट सोलापुरातून बुक केली, पाचपैकी तीन स्टार

एजंटचं नाव लिहीत नाही, सोलापुरातलाच आहे, उगाच भांडण नको. माणूस बोलायला गोड, चहा पाजतो, पण बोटीतलं त्याला काय कळत नाही हे बोटीत बसल्यावर कळलं.

मे महिना सुचवला त्याने, त्यासाठी पूर्ण मार्क. आपल्याकडे ४३ डिग्री आणि तिथे दहा-बारा, पोरांना सुट्टी, डोंगरांवर बर्फ अजून शाबूत, आणि जुलै-ऑगस्टपेक्षा तिकीट बरंच स्वस्त. त्या भागात मे त्यातल्या त्यात कोरडा म्हणतात, तरी केचिकनला आम्ही भिजलोच, ते गावच पावसाचं. रात्री साडेनऊला ऊन बघून बाबा म्हणाले, जेवायचं कधी मग? सॅमन मासे नदीत चढताना आणि त्यांच्यामागे अस्वलं बघायची असतील तर मात्र जुलै-ऑगस्टच धरा. सप्टेंबर स्वस्त, नॉर्दर्न लाइट्सचा चान्सपण असतो, पण पाऊस लई.

घोळ झाला तो निघायच्या बंदराचा. मी विचारलं होतं, अमेरिकेतलं सिएटल की कॅनडातलं व्हँकुव्हर? तर म्हणे बोट ती बोट, कुठूनही बसा, सिएटलवरून अमेरिकेच्या एका व्हिसात भागतं. साफ चूक! अमेरिकेचा १८८६ चा कायदा आहे, त्यामुळे परदेशी झेंड्याच्या, म्हणजे परदेशात नोंदलेल्या, बोटीला सिएटलहून सिएटलला परत यायचं तर मधे दुसऱ्या देशात थांबावं लागतं, म्हणून ती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबते, म्हणजे आपल्या पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा आलाच. हे त्याच्याच ऑफिसात काउंटरवर बसणाऱ्या मुलीने पकडलं आणि चौघांचे कागद तिनेच नीट लावून दिले. तीनातले दोन स्टार त्या मुलीचे आहेत.

मग दोन्ही व्हिसे काढलेच होते तर व्हँकुव्हरवरूनच गेलो असतो की! तिथून बोट बेटांच्या आडून, इनसाइड पॅसेजने जाते, पाणी बरंच शांत. सिएटलच्या बोटी बहुतेक व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, मोकळ्या समुद्रातून जातात. पहिल्याच रात्री बोट झोपाळ्यासारखी हलायला लागली आणि आईने पुढचे दीड दिवस केबिनबाहेर तोंड काढलं नाही, आलेपाक चघळत पडून होती. परतताना पुन्हा तेच.

अजून एक, व्हाउचरवर नुसतं सिएटल पोर्ट. तिथे क्रूझची दोन टर्मिनलं आहेत, पिअर ६६ आणि पिअर ९१. आम्ही बॅगा घेऊन ६६ ला, बोट ९१ ला! दुसरी टॅक्सी करून पोचलो. नशीब आदल्या दिवशीच सिएटलला उतरलो होतो, त्याच दिवशीचं विमान असतं आणि ते लेट झालं असतं तर गेलीच होती बोट, ती काय आपल्यासाठी थांबत नाही.

बुक करताना ग्लेशियर, म्हणजे हिमनदी, कुठला दाखवणार हेही विचारून घ्या. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ सोडतात, आमची एंडिकॉट आर्म नावाच्या खाडीत गेली, डॉज ग्लेशियर बघायला. तक्रार नाही. बाल्कनीत आई सोलापुरी चादर डोक्यावरून घेऊन बसली होती, हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, समोर निळसर बर्फाची भिंत, आणि त्यातून एक तुकडा सुटून पाण्यात पडला तर आवाज आपल्यापर्यंत यायला एक क्षण लागला. भाकरी तशीच हातात राहिली तिची.

वेळ असेल तर व्हँकुव्हरहून अलास्कातल्या सुअर्ड किंवा व्हिटियर बंदरापर्यंत वनवेपण मिळते, वाटेत जास्त बघून होतं, पण परतीचं विमान अँकरेजवरून, ते महाग पडतं.

परवा एजंटचा फोन आला, आता डिसेंबरात अंटार्क्टिका करा, अर्जेंटिनातल्या उशुआयावरून, सीझन चांगला, पेंग्विन बघा. आईने फोन माझ्या हातातून घेतला आणि विचारलं, मोकळा समुद्र किती? म्हणाला जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस. तिने फोन कट केला.