पहिली नोकरी आणि मागे सरकणारे केस: औषध, पॅच, रोपण की सरळ गोटा?

वय तेवीस-चोवीस, हातात पहिली नोकरी, आणि कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे निघालेत. अशा पोराला घरात, गल्लीत आणि सलूनच्या खुर्चीत मिळून सल्ल्यांचा पाऊस पडतो. खरे पर्याय मात्र चारच आहेत: आहेत ते केस औषधानं धरून ठेवायचे, विरळ जागा झाकायची, मागचे केस काढून पुढं रोवायचे, नाहीतर मशीन फिरवून मोकळं व्हायचं. इंटरनेटवर यांची तुलना 'किती केस येतात' या एकाच मापानं केलेली असते. इथं ती नोकरीच्या मापानं करतोय, कारण कोल्हापूरजवळच्या कागलच्या फाउंड्रीत भट्टीजवळ उभा राहणारा ट्रेनी आणि बँकेच्या एसी काउंटरमागे बसणारा त्याचाच मित्र यांना एकच उपाय परवडत नाही. माझं डोकं गेली बरीच वर्षं तुळतुळीत आहे, तेव्हा माझा कल कुठं झुकणार हे धरूनच वाचा.

पैसे काढण्याआधी: गळती कुठली?

रोज पन्नास ते शंभर केस गळणं हे सगळ्यांचंच चालू असतं. टायफॉइड, डेंग्यू, ऑपरेशन किंवा झपाट्यानं उतरलेलं वजन, यानंतर दोन-तीन महिन्यांनी डोक्याच्या सगळ्या भागांतून मुठी-मुठीनं केस जायला लागतात. नव्या शहरात कॉट बेसिसवर राहून मेसचं अर्धं ताट खाणाऱ्यांत हे दिसतं. ही गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप थांबते. रुपयाएवढा गोल गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई; तिचं कारण आणि उपचार दोन्ही निराळे.

आपला विषय तिसऱ्या प्रकारचा आहे. कोपरे आणि टाळू विरळ, पण कानांच्या वरचा आणि मानेचा भाग दाट. शरीरातल्या टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं, आणि ज्यांच्या मुळांना ते सोसत नाही त्यांचा केस प्रत्येक फेरीत बारीक आणि आखूड होत जातो. हे आईकडूनही येतं, वडिलांकडूनही. हेल्मेटचा किंवा बोअरच्या पाण्याचा त्यात हात नाही. त्या नावाखाली फिल्टर विकणाऱ्यांचा धंदा तेवढा चालतो.

कोल्हापूरच्या सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, केसपेपर काढून त्वचारोगाच्या ओपीडीत बसलात तरी गळती कुठली हे कळतं. गरज वाटली तर डॉक्टर हिमोग्लोबिन, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासायला सांगतात. ज्या 'हेअर क्लिनिक'मध्ये डॉक्टरआधी काउन्सेलर भेटतो आणि तपासणीआधी पॅकेज निघतं, तिथून चहा पिऊन परत या.

औषध: स्वस्त, संथ आणि न संपणारं

मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाची गोळी होती. ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले, तेव्हा डोक्याला लावायचं द्रावण करून पाहिलं गेलं आणि १९८८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. फिनास्टेराइड आधी प्रोस्टेटसाठी आलं. केसांसाठीची १ मिलिग्रॅमची गोळी १९९७ पासूनची. पहिलं औषध केसाच्या वाढीला जोर देतं, दुसरं डीएचटी बनणं कमी करतं. म्हणून डॉक्टर अनेकदा दोन्ही एकत्र देतात.

रोजचं काम कसं असतं ते बघा. ५ टक्क्यांचं द्रावण, ड्रॉपरनं १ मिली, सकाळ-संध्याकाळ, कोरड्या टाळूवर. म्हणजे ६० मिलीची बाटली बरोबर महिनाभर. लावल्यावर केस चिकट होतात आणि कपाळावर ओघळ येतो, त्यामुळे सकाळी घाईत लावून हेल्मेट चढवलं की निम्मं औषध हेल्मेटच्या अस्तराला. तिसरी शिफ्ट करणाऱ्याची तर सकाळ-संध्याकाळच उलटी असते. त्यानं कामावर जायच्या तासभर आधी आणि परत आल्यावर अंघोळीनंतर अशी वेळ बांधून घ्यावी. घरात मांजर असेल तर जपा, हे द्रावण तिच्यासाठी विष आहे.

पहिल्या दोन महिन्यांत अनेकांचे केस जास्तच गळतात. निम्मी पोरं इथंच घाबरून बाटली फेकतात. ती गळती जुने केस नव्यांना जागा देताना होते. परिणाम बघायला चार ते सहा महिने लागतात. कोपऱ्यांपेक्षा टाळूवर गुण चांगला येतो. आणि औषध सोडलं की मिळवलेलं काही महिन्यांत जातं. दोन्ही मिळून महिन्याचा खर्च ब्रँडप्रमाणं हजार-बाराशेच्या आसपास धरा, आणि तो वर्षानुवर्षं धरा.

फिनास्टेराइडबद्दल पोरं कुजबुजत बोलतात, तर ते उघड बोलू. मूळ चाचण्यांत शंभरात चारेक पुरुषांनी कामेच्छा किंवा ताठरतेची तक्रार केली, आणि औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांतही शंभरात दोघांनी केलीच. बहुतेकांची तक्रार गोळी सोडल्यावर गेली. सोडूनही ती राहिल्याच्या आणि मन खचल्याच्या नोंदी आहेत. आधीपासून उदासीचा त्रास असेल तर डॉक्टरांना तसं सांगूनच सुरू करा. मेडिकलमधून मित्राच्या चिठ्ठीवर आणायची ही गोळी नव्हे. आणखी एक, आपल्याकडं तालमीच्या मंडळाचं शिबिर म्हटलं की सगळे ओळीनं रक्तदानाला. ही गोळी चालू असेल तर रक्त देऊ नका. ते गर्भवतीला चढलं तर पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो. गोळी थांबवून महिनाभर गेल्यावर द्या.

पीआरपी, म्हणजे आपलंच रक्त फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग डोक्यात टोचणं, काहींना उपयोगी पडतं. पण पुरावा औषधांइतका पक्का नाही आणि एका बैठकीला औषधांचे काही महिन्यांचे पैसे जातात. तेल म्हणाल तर जास्वंद, माका, कांद्याचा रस, यातलं काहीही डोक्यातल्या डीएचटीला अडवतं असा पक्का पुरावा नाही. आई लावून देत असेल तर लावून घ्या, झोप छान लागते. औषधांच्या नियमावलीत शेड्यूल जे नावाची यादी आहे. ज्या व्याधी बऱ्या करतो असा दावा औषधाच्या लेबलवर करता येत नाही, त्यांची. टक्कल आणि नवे केस उगवणं हे दोन्ही त्या यादीत आहे. 'शंभर टक्के केस परत' छापलेली बाटली हातात आली की हे आठवा.

झाकायचं तर: फायबर की पॅच?

फायबर म्हणजे केराटिनची बारीक भुकटी. विरळ केसांना चिकटून ती दाटपणाचा भास देते. इंटरव्ह्यू, आयडी कार्डाचा फोटो, एखादं प्रेझेंटेशन, एवढ्यापुरतं झकास. मुळात थोडे केस हवेतच, तुळतुळीत जागेवर ती काम करत नाही. आणि जून ते सप्टेंबर कोल्हापुरात तिचा भरवसा धरू नका. रेनकोटची टोपी काढली की काळा ओघळ कानामागून कॉलरवर.

पॅच हा मोठा निर्णय. मागचे-बाजूचे केस आपले, वरचा भाग जाळीवर विणलेल्या केसांचा. तो क्लिपनं, टेपनं किंवा गोंदानं बसवतात. क्लिपचा रात्री काढून ठेवता येतो, पण क्लिपा रोज त्याच केसांना ओढतात आणि तेही कमजोर होतात. गोंदाचा घट्ट बसतो, मात्र तीन-चार आठवड्यांनी सर्व्हिसिंगला जावंच लागतं: सोडवणं, टाळू घासणं, परत चिकटवणं. पॅच साधारण वर्षभर टिकतो, मग नवा. दहा-पंधरा हजारांना पहिला घेतला तरी खरा खर्च सर्व्हिसिंगचा आणि बदलीचा.

कुठं चालतो? एसी ऑफिसात, काउंटरवर, शोरूममध्ये, जिथं लोक समोरून आणि थोड्या वेळासाठी बघतात. कुठं चालत नाही? शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या शॉपफ्लोअरवर. फाउंड्रीत सेफ्टी हेल्मेटखाली घाम धरतो, गोंद पाझरतो, दुपारपर्यंत कपाळाच्या कडेला खाज सुरू होते आणि सगळं लक्ष मोल्डऐवजी डोक्यावर. ज्याला पहाटे तालमीत उतरायचंय किंवा पोहायला जायचंय त्यानंही विचार सोडावा.

पॅचचा आणखी एक भार आहे, तो पैशात मोजता येत नाही. पहिल्या दिवसापासून पॅच लावून नोकरीला लागलात तर ऑफिसला तुम्ही तसेच माहीत असता, प्रश्नच नाही. पण वर्षभर विरळ केसांनी वावरून एका सोमवारी दाट केसांनी गेलात तर आठवडाभर चर्चा होणार. तेव्हा पॅच करायचाच असेल तर जॉइनिंगच्या आधी किंवा नोकरी बदलताना.

रोपण: उत्तम शस्त्रक्रिया, चुकीचं वय

मानेकडचे केस डीएचटीला दाद देत नाहीत आणि पुढं नेऊन लावले तरी तो गुण सोडत नाहीत. रोपण या एका गोष्टीवर उभं आहे. एफयूई पद्धतीत एकेक मूळ सुटं काढतात, एफयूटीत कातडीची पट्टी काढून तिची मुळं वेगळी करतात आणि मागं रेषेसारखा व्रण राहतो. मागचे केस बारीक कापायची सवय असेल तर एफयूई बरी. लावलेले केस महिन्याभरात गळून पडतात, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उगवायला लागतात, आणि पूर्ण रूप दिसायला वर्ष जातं. आठ-दहा दिवस खपल्या, तेवढे दिवस धूळ, घाम, हेल्मेट बंद. प्रोबेशनवर असताना एवढी रजा कुठून काढणार?

रजेपेक्षा मोठी अडचण हिशेबाची आहे. मागून काढता येतील अशी मुळं आयुष्यभराची मिळून साधारण पाच ते सात हजार. तेविसाव्या वर्षी त्यातली अडीच हजार खर्चून दहावीतल्यासारखी खालची हेअरलाइन काढून घेतली, आणि पस्तिशीपर्यंत मागचं सगळं गेलं, तर पुढं दाट पट्टी आणि तिच्यामागं गायरान. ते भरायला माल उरत नाही. म्हणून जाणते सर्जन विशीच्या सुरुवातीच्या पोरांना थांबवतात: आधी वर्षभर औषध घे, गळती कुठवर जाते बघू. रोपणानंतरही उरलेल्या केसांसाठी औषध चालूच ठेवावं लागतं, हे जाहिरातीत नसतं.

खर्च ग्राफ्टवर, म्हणजे रोवलेल्या मुळांच्या संख्येवर, मोजतात आणि लाखाच्या घरात सहज जातो. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया म्हणून मेडिक्लेम लागत नाही, मग 'नो कॉस्ट ईएमआय' पुढं येतो. हातात पंधरा-अठरा हजार येणाऱ्या ट्रेनीनं केसांसाठी हप्ता लावून घ्यावा, हे मला पटत नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्येच स्पष्ट केलंय की वर्कशॉप किंवा यूट्यूब पाहून हे काम शिकता येत नाही; शस्त्रक्रियेचं रीतसर शिक्षण लागतं. भूल कोण देणार, मुळं कोण काढणार, डॉक्टर पूर्ण वेळ खोलीत असणार का, हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देताना समोरचा पॅकेजकडं वळला तर उठा.

गोटा: फुकट, पण घरातून परवानगी लागते

हजार-दोन हजारांचा ट्रिमर, आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं. खर्चाच्या रकान्यात याच्या जवळपास कोणी येत नाही, आणि मन नाही रमलं तर काही महिन्यांत आहे तसं परत.

अडचण वेगळीच असते. आपल्याकडं डोकं भादरण्याला अर्थ आहे. आई म्हणते, "आम्ही अजून जिवंत आहोत रं." कामावर पहिल्या दिवशी दोन प्रश्न ठरलेले: घरात कोणी गेलं का, किंवा "हरिप्रिया एक्सप्रेसनं तिरुपतीला जाऊन आलास व्हय?" दोन्हींचा जोर आठवड्यात ओसरतो. पहिल्यांदाच वस्तरा लावण्यापेक्षा एक नंबरची मशीन फिरवा, ती 'कट' म्हणून खपते. दाढी राखली की चेहऱ्याचा तोल जमतो. उन्हात टाळूला सनस्क्रीन लावा, आणि सेफ्टी हेल्मेटखाली सुती टोपी घाला. केस नसले की घाम अडत नाही, थेट डोळ्यात उतरतो.

धंद्याच्या दृष्टीनं बघितलं तर काही ठिकाणी हा तोटा नाहीच. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांचे पक्षकार यायला लागले. सोलापूर-सिंधुदुर्गाहून आलेला माणूस कॉरिडॉरमध्ये वकील शोधताना काळ्या कोटावरचं मोकळं डोकं बघून आधी त्यालाच 'साहेब' म्हणतो. शिकवणाऱ्याचं, सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या आर्टिकलचंही तेच: वय चार वर्षांनी जास्त वाटतं आणि ते पथ्यावर पडतं. विक्रीत किंवा हॉटेलच्या फ्रंट डेस्कवर असाल तर मात्र 'जास्त वय' हा गुण धरला जाईलच असं नाही.

मग कुणी काय करावं

शॉपफ्लोअर किंवा साइटवर असाल: औषध आणि बारीक कट, पॅच नाही. एसी ऑफिस, लोकांसमोरचं काम आणि मनाला फार लागत असेल: औषध सुरू करा, प्रसंगापुरतं फायबर वापरा, टाळू बऱ्यापैकी मोकळी असेल तर जॉइनिंगआधी पॅच. रोपणाचा विचार पंचविशी-तिशीच्या मध्यावर, गळती स्थिरावल्यावर आणि साठवलेल्या पैशातून. कोपरे फक्त थोडे सरकलेत आणि रोज आरशापुढं वेळ घालवायची इच्छा नाही, त्यांनी काही न करणं हाही निर्णयच. फक्त तीन महिन्यांनी एकदा, त्याच खिडकीच्या उजेडात, वरून एक फोटो काढून ठेवा. औषध लागू पडतंय की नाही हेही त्यातूनच कळतं, आरशातून नाही.

मुलींनी वरचं सगळं जसंच्या तसं उचलू नये. त्यांच्यात भांग रुंद होतो, कोपरे सहसा टिकतात, आणि मागं लोहाची कमतरता, थायरॉइड किंवा पीसीओएस (बीजकोशाशी जोडलेला संप्रेरकांचा बिघाड) असू शकतं. मूल होण्याच्या वयात फिनास्टेराइड नाही. गर्भवतीनं फुटलेली गोळी हाताळायचीही नाही.

आणि स्थळं बघायला सुरुवात झालीच असेल तर, पॅच असो वा गोळी, साखरपुड्याआधी समोरच्या मुलीला स्वतः सांगा. लग्नात फेटा सगळं झाकतो, पण तो संध्याकाळी उतरवावा लागतो.