कथिलाची खाण ते सायकलची वाट : टास्मानियातील ‘ब्लू डर्बी’चे परीक्षण

टास्मानियाच्या ईशान्य भागात, लाँसेस्टनहून सुमारे शंभर किलोमीटरवर, रिंगारूमा नदीच्या काठी डर्बी हे गाव वसले आहे. एक मुख्य रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना जुनी लाकडी घरे आणि दोनशेच्या आतली वस्ती, एवढाच त्याचा पसारा. या गावाभोवतीच्या टेकड्यांत आणि वर ब्लू टिअरच्या पठारापर्यंत पसरलेल्या जंगलात माउंटन बाइकसाठी सुमारे सव्वाशे किलोमीटर लांबीच्या वाटा बांधलेल्या आहेत आणि त्या सगळ्या मिळून ‘ब्लू डर्बी’ या नावाने ओळखल्या जातात. तेथे फाटक नाही, तिकीट नाही, कोणी पावती विचारत नाही. सायकल घेऊन यावे आणि वाटेला लागावे. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या आम्हा काही मराठी सायकलस्वारांचे हे आता नेहमीचे ठिकाण झाले आहे आणि पुण्या-मुंबईहून येणारे मित्र तिथे जावे की नाही असे वारंवार विचारतात, म्हणून हे परीक्षण जरा विस्ताराने लिहीत आहे. माझे मत सुरुवातीलाच सांगते. ऑस्ट्रेलियात मी ज्या ज्या ठिकाणी सायकल चालवली त्यांत डर्बीच्या वाटा मला सर्वांत चांगल्या वाटतात. त्या बांधल्या गेल्या तेव्हा जशा होत्या तशाच राहिल्या आहेत, आणि त्याचे श्रेय त्यांची रोज निगा राखणाऱ्या माणसांना आहे. डर्बीला जाऊन ही निगा ज्याने पाहिली नाही त्याने निम्मेच डर्बी पाहिले.

गावाचा इतिहास थोडा माहीत असला तर वाटांची नावे बोलू लागतात. १८७४ च्या सुमारास या भागात कथील सापडले. क्रुश्का बंधूंनी येथे खाणकाम सुरू केले आणि १८७६ चा मेलबर्न कप जिंकणाऱ्या ब्रायसिस या घोडीचे नाव पुढे इथल्या मुख्य खाणीला मिळाले. भरभराटीच्या काळात गावात तीन हजारांच्या आसपास लोक राहत होते. ४ एप्रिल १९२९ रोजी अतिवृष्टीने खाणीसाठी बांधलेले कॅस्केड धरण फुटले आणि त्या लोंढ्यात १४ जणांचा जीव गेला. त्यानंतर खाण पुन्हा सुरू झाली, पण तिला पूर्वीचे दिवस आले नाहीत आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर ती कायमची बंद पडली. पुढे लाकूडतोडीच्या धंद्यावर या परिसराचे पोट चालले. तोही धंदा मंदावला तेव्हा तरुण माणसे लाँसेस्टन-होबार्टकडे निघून गेली आणि घरे विक्रीला लागली. आज ‘क्रुश्काज’ ही इथली सर्वांत लाडकी वाट आहे आणि ‘डॅम बस्टर्स’ या वाटेच्या नावात त्या फुटलेल्या धरणाची आठवण जपलेली आहे. खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्याचे तळे झाले असून त्याच्या काठाने सायकल चालवता येते.

डॉर्सेट आणि ब्रेक ओडे या दोन स्थानिक परिषदांनी एकत्र येऊन हा प्रकल्प उभा केला. सुमारे ३१ लाख डॉलरच्या सुरुवातीच्या खर्चाचा मोठा वाटा केंद्र सरकारने उचलला, वाटा बांधण्याचे काम ‘वर्ल्ड ट्रेल’ या कंपनीकडे गेले आणि २०१५ मध्ये पहिल्या वाटा खुल्या झाल्या. दोनच वर्षांनी, २०१७ मध्ये, एंड्युरो वर्ल्ड सिरीज या माउंटन बाइकच्या जागतिक स्पर्धामालिकेची फेरी डर्बीत झाली आणि ‘डेटोनेट’ या वाटेला त्या हंगामातील सर्वोत्तम वाटेचा मान मिळाला. २०१९ मध्ये स्पर्धा परतली तेव्हा तोच मान ‘कुमा-गुत्सा’ला मिळाला. इतक्या लहान गावाच्या दोन वाटा जगात पहिल्या ठराव्यात याचे मला आजही कौतुक वाटते. ओस पडलेल्या इमारतींत आता सायकलची दुकाने, कॉफीची ठिकाणे आणि पाहुण्यांसाठीची घरे आहेत, आणि ती चालवणाऱ्यांत बाहेरून सायकल चालवायला येऊन इथेच स्थायिक झालेले अनेकजण आहेत.

आता प्रत्यक्ष वाटांविषयी. गावातून ‘अ‍ॅक्सहेड’ आणि ‘लाँग शॅडोज’ या चढणीच्या वाटांनी वर जात क्रुश्काजपर्यंत पोहोचणे हा डर्बीची ओळख करून घेण्याचा उत्तम मार्ग आहे. चढ लांब असला तरी अंगावर येत नाही, कारण वाट डोंगराच्या समपातळीला धरून, वळसे घेत हळूहळू उंची गाठते. खाली निलगिरीची उघडी झाडी असते. जसजसे आत जावे तसतशी मर्टल आणि सॅसाफ्रसची जुनी झाडे, त्यांच्या बुंध्यांवर चढलेले शेवाळ आणि डोक्याहून उंच वृक्षनेचे सुरू होतात आणि हवा एकदम गार होते. क्रुश्काजची उतरण निळ्या दर्जाची, म्हणजे मध्यम अवघड आहे. तिथला आनंद वेगाचा कमी आणि लयीचा अधिक आहे; एका वळणातून बाहेर पडताना सायकल आपोआप पुढच्या वळणाच्या तोंडाशी आलेली असते आणि ब्रेकला हात लावावा असे क्वचितच वाटते.

ही लय कशी साधली आहे हे पाहण्यासाठी एकदा सायकलवरून उतरून क्रुश्काजचा एखादा तुकडा पायी चालावा, असा माझा आग्रह आहे. वाटेचा पृष्ठभाग दरीच्या बाजूला किंचित कललेला दिसेल, म्हणजे पावसाचे पाणी वाटेवरून वाहत न जाता आडवे निघून जावे. ठरावीक अंतराने उतरणीच्या मधेच एक लहानसा चढ दिलेला आहे. सायकलस्वाराला तो गमतीचा उंचवटा वाटतो, पण त्याच्या पायथ्याशी वाटेची कड मोकळी सोडलेली असते आणि शेताच्या बांधाला सांडवा ठेवतात त्याप्रमाणे तेथून पाणी बाहेर पडते. जिथे ओलावा कायमचा आहे तिथे ग्रॅनाइटचे दगड उभे रोवून फरसबंदी केली आहे आणि दगडांच्या फटींत बारीक खडी ठासली आहे. वळणांच्या बाहेरच्या बाजूला मातीची जी उंच कड असते, तिला इथे बर्म म्हणतात, तिचा उतारही पाणी साचणार नाही अशा बेताने दिलेला आहे. ग्रॅनाइट झिजून झालेली इथली भरड माती पाणी लवकर सोडते, त्यामुळे पाऊस थांबल्यावर थोड्याच वेळात टायरला उत्तम पकड मिळू लागते. पण माती कितीही चांगली असली तरी हे सांडवे बुजले की सगळे बिघडते.

एका पावसाळी सकाळी निगा राखणाऱ्या पथकातील एक गृहस्थ हेच बुजलेले सांडवे मोकळे करत होते. हातात रुंद दात्यांचे फावडे, शेजारी बादलीभर खडी. पाने आणि झाडाच्या साली काढून झाल्यावर त्यांनी बुटाच्या टाचेने कड दाबून पाहिली आणि मग पाण्याची धार नीट बाहेर जाते आहे याची खात्री होईपर्यंत ते तिथेच उभे राहिले. त्यांनी मला एक गोष्ट दाखवली, जी तेव्हापासून मी प्रत्येक नवख्या सोबत्याला सांगते. मागचे चाक ब्रेकने जाम करून घसरत नेले की ते माती ओढत खाली आणते, ती माती नेमकी सांडव्याच्या तोंडाशी साचते आणि पुढच्या पावसात पाणी वाटेवरूनच वाहू लागते. एका स्वाराने क्षणभर चाक घसरवले तर त्यांना अर्धा तास फावडे चालवावे लागते. सायकल शिकवणाऱ्या कोणीही मला ब्रेकविषयी इतके पटेल असे सांगितले नव्हते.

या कामाला पैसा लागतो आणि वाटांना शुल्क नाही, हा डर्बीपुढचा खरा प्रश्न आहे. त्यासाठी ‘ब्लू डर्बी फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था उभी राहिली असून सायकलस्वारांनी आपणहून दिलेल्या वर्गणीतून ती वाटांच्या देखभालीला हातभार लावते. महाराष्ट्रात दुर्गसंवर्धनासाठी सुटीच्या दिवशी टाकी साफ करायला आणि पायऱ्या मोकळ्या करायला जाणारी मंडळी ज्यांनी पाहिली आहेत, किंवा जे स्वतः त्या श्रमदानात राबले आहेत, त्यांना या प्रयत्नाचे मोल वेगळे सांगायला नको. वर्गणी ऐच्छिक आहे म्हणून ती टाळणे मला गैर वाटते. मेलबर्नहून इथपर्यंत येण्याचा, राहण्याचा आणि सायकल भाड्याने घेण्याचा खर्च आपण करतो. ज्या वाटेसाठी आलो तिच्यासाठी त्या खर्चाचा एक लहान अंश देणे कोणालाही जड नाही.

दर्जांविषयी थोडे स्पष्ट सांगायला हवे. हिरव्या वर्तुळाच्या वाटा नवख्यांसाठी आहेत आणि ‘चेन गँग’ व ‘रस्टी क्रस्टी’ यांवर लहान मुलांसह निर्धास्त जाता येते, पण अशा वाटा मोजक्याच आहेत. कुटुंबातील एखादी व्यक्ती अगदीच नवशिकी असेल तर दुसऱ्या दिवशी तिला त्याच वाटा पुन्हा फिराव्या लागतील. डर्बीचा खरा खजिना निळ्या चौकोनाच्या वाटांत आहे. ‘रिटर्न टू सेंडर’, ‘ट्वेंटी थ्री स्टिचेस’ आणि अर्थात क्रुश्काज यांवर मध्यम तयारीच्या स्वाराचे तीन-चार दिवस भरगच्च जातात. डेटोनेट ही काळ्या, म्हणजे अवघड दर्जाच्याही पुढची आहे. तिथे दोन प्रचंड ग्रॅनाइट शिळांमधल्या फटीतून सायकल काढावी लागते आणि ती फट इतकी चिंचोळी आहे की हँडल जेमतेम आत जाते. माझी तेवढी तयारी नाही आणि मी ती पायी उतरून पाहिली आहे. नुसते पाहायलाही ती जागा जरूर जावे. आपल्या भारतीय मंडळींना विशेष सांगणे असे की घाटरस्त्यावर शंभर किलोमीटर सायकल सहज मारणाऱ्यालाही इथे पहिला दिवस हिरव्या आणि सोप्या निळ्या वाटांवरच घालवावा लागतो, कारण दमसास आणि दगडांवरचे कसब या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत.

वरच्या वाटांसाठी शटल लागते. सायकली मागच्या ट्रेलरवर उभ्या टांगून छोटी बस तुम्हाला ‘अ‍ॅटलास’च्या किंवा ब्लू टिअरच्या माथ्यावर नेऊन सोडते. अ‍ॅटलासवरून डॅम बस्टर्स आणि क्रुश्काज असे जोडत थेट गावात उतरता येते. हा उतार नावापुरताच, कारण मधे चढही पुष्कळ आहेत आणि पाणी व खाणे सोबत नसेल तर हाल होतात. ब्लू टिअरची वाट पोइमेना या जुन्या खाणवस्तीपासून निघून वेल्डबरोच्या हॉटेलापाशी संपते आणि माझ्या मते साऱ्या परिसरातील सर्वांत सुंदर जंगल तिच्यावर आहे. शटलचालकांचा चोखपणा आणि सायकल हाताळण्याची काळजी यांबाबत मला काहीही उणे सापडले नाही. बहुतेकजण स्वतः स्वार असल्यामुळे आदल्या रात्रीच्या पावसानंतर कोणती वाट कशी आहे हे ते अचूक सांगतात. सुटीच्या दिवसांत जागा आधी राखून ठेवणे मात्र आवश्यक आहे.

भाड्याच्या सायकलींबाबत माझा अनुभव संमिश्र आहे. एका दुकानाने दिलेल्या सायकलचे पुढचे ब्रेक पॅड इतके झिजले होते की पहिल्याच उतारावर परतावे लागले. त्यांनी तत्काळ पॅड बदलून दिले, पण सायकल हाती देण्यापूर्वीच ते पाहायला हवे होते. कोठूनही घेतली तरी पॅड, टायरमधील हवा आणि सीटची खिट्टी दुकानातच तपासावी. राहण्याची सोय महाग आहे आणि वस्तीच्या मानाने पाहुण्यांच्या घरांची संख्या पाहता वर्षभर राहू इच्छिणाऱ्यांना भाड्याचे घर मिळणे किती कठीण असेल याची कल्पना येते. ज्यांच्या हातांवर हा सगळा डोलारा उभा आहे त्यांना गावात राहणे परवडले पाहिजे, आणि परिषदांनी या प्रश्नाकडे वाटांइतकेच गांभीर्याने पाहावे असे मला मनापासून वाटते.

याहून गंभीर गोष्ट जंगलाची आहे. वाटा ज्या जंगलातून जातात त्यातील काही भाग सरकारी लाकूडतोडीच्या आराखड्यात येतो. क्रुश्काजच्या परिसरातील तोडीविरुद्ध ‘ब्लू डर्बी वाइल्ड’ या स्थानिक चळवळीने आवाज उठवला आणि टास्मानियाच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. तोडीच्या आराखड्यांना मंजुरी देण्याचे काम त्याच उद्योगात नोकरी करणाऱ्या अधिकाऱ्यांकडे असावे का, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. न्यायालयात त्यांना यश आले नाही. लाकूडतोडीवर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या भागात ही भूमिका घेणे सोपे नसते आणि शेजाऱ्याशी मतभेद पत्करून ती घेणाऱ्यांविषयी मला आदर आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडांचा पट्टा राखला तरी त्यामागे मोकळे रान झाले तर सावली, ओल आणि माती तीच राहणार नाही; क्रुश्काजचे जे गुण मी वर सांगितले ते त्या जुन्या झाडांवरच टिकून आहेत.

जाण्याचा बेत करणाऱ्यांसाठी काही गोष्टी. मेलबर्नहून लाँसेस्टनला विमानाने जाता येते. स्वतःची सायकल आणि गाडी न्यायची असेल तर जिलाँगहून डेव्हनपोर्टला जाणारे जहाज सोयीचे पडते. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ उत्तम. हिवाळ्यात, म्हणजे इथे जून ते ऑगस्टमध्ये, वरचे पठार गोठते. मोबाइलचे जाळे गावाबाहेर भरवशाचे नाही, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्यावा आणि एकट्याने दूरच्या वाटांवर जाऊ नये. गुडघ्यांची व कोपरांची संरक्षक पट्टी निळ्या वाटांवरही वापरावी, कारण जवळचे रुग्णालय स्कॉट्सडेलला आहे आणि मोठ्या उपचारांसाठी लाँसेस्टन गाठावे लागते. एक दिवस हाताशी उरला तर पोइमेनापासून स्विमकार्ट बीचपर्यंत जाणारी ४२ किलोमीटरची ‘बे ऑफ फायर्स’ ही वाट करावी. ती सेंट हेलेन्सच्या बाजूला संपत असल्यामुळे परतीची गाडी आदल्या दिवशीच ठरवावी लागते.