तलवार हाती धरावी की टाकावी: ल्यूथर आणि झाटलर

सैनिकी पेशा करून माणूस देवापुढे ताठ उभा राहू शकतो का? आसा फॉन क्राम या सरदाराच्या मनातली ही टोचणी. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने 1526 मध्ये त्यासाठी पुस्तिकाच लिहिली. त्याचं उत्तर: हो. सडलेला अवयव कापणारा वैद्य क्रूर दिसतो, पण जीव वाचवतो, सैनिकाचंही तसंच. पगार घ्यावा, लुटीची हाव धरू नये. आणि राजाचं युद्ध अन्यायाचं आहे अशी खात्री असेल, तर लढूच नये. शंका असेल तर मात्र हुकूम पाळावा. इथेच मला पळवाट दिसते, कारण साध्या शिपायाला खात्री व्हायची कशी?

फेब्रुवारी 1527 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या श्लाइटहाइम गावी जमलेल्या ॲनाबॅप्टिस्टांनी, म्हणजे बाप्तिस्मा प्रौढपणीच घ्यावा असं मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी, ही भानगडच ठेवली नाही. राज्यकर्त्याची तलवार देवानेच नेमलेली, पण ख्रिस्ताच्या अनुयायाने ती धरायची नाही. हा जाहीरनामा लिहिणारा मिखाएल झाटलर एकेकाळी बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघाच्या मठातला संन्यासी. तेव्हा युरोपला धाक असलेले तुर्क चालून आले तरी प्रतिकार नको, हे त्याने आपल्यावरच्या खटल्यातही सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीतल्या रोटेनबुर्गला त्याची जीभ कापून त्याला जाळलं. पत्नी मार्गारेटालाही बुडवून मारलं.

ल्यूथरचा मार्ग राजांना परवडणारा होता, झाटलरचा नव्हता.