ग्लुटेन फ्रीचे सहा महिने आणि नंतरच्या तपासण्या: माझा अनुभव

आधी कोणासाठी लिहितेय ते सांगते. ज्यांचं पोट जेवल्यावर तासा-दोन तासांत टम्म फुगतं, कधी जुलाब तर कधी दोन-तीन दिवस काहीच नाही, सोनोग्राफी नॉर्मल, थायरॉईड नॉर्मल, आणि घरात सगळे 'गॅस आहे गं, ओवा खा' म्हणून मोकळे होतात, अशांसाठी. त्यातही कोणी 'गहू सोडून बघ' असं सांगितलं असेल तर जरा थांबा, आधी रक्ताची टेस्ट करा आणि मग सोडा.

मला हे कोणी सांगितलंच नाही. एका डॉक्टरांनी पाच मिनिटांत 'ग्लुटेनचा त्रास दिसतोय, गहू बंद करा, फरक पडेल' म्हणून पाठवून दिलं. हिमोग्लोबिन नऊच्या आसपास होतं, सारखं तोंड यायचं, हे सगळं सांगूनसुद्धा सिलिअकची टेस्ट लिहून दिली नाही, आणि राग आहे तो त्याचाच. सिलिअक म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे लहान आतड्याला इजा होण्याचा आजार. सिलिअकची टेस्ट गहू पोटात जात असतानाच करावी लागते. गहू सोडला की अँटिबॉडी हळूहळू कमी होतात, आतडं भरून यायला लागतं आणि रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो. मी जानेवारीत सोडला आणि जूनपर्यंत पाळलं.

आता वस्तूंविषयी. तयार ग्लुटेन फ्री आटा दोन-तीन ब्रँडचा आणला, साध्या कणकेच्या तिप्पट-चौपट किंमत आणि पोळी लाटताना कडेने फाटते, तव्यावर टाकेपर्यंत नकाशा होतो. गरम असताना खाल्ली तर ठीक, डब्यात दुपारपर्यंत पापड. बिस्किटं गोड भुसा, पैसे वाया. पण खरं सांगू का, हे सगळं दिल्लीकडच्या माणसाला लागत असेल, आपल्याला कशाला? ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यात ग्लुटेन नाहीच. घावन, आंबोळी, पोहे, साबुदाणा खिचडी सगळं चालतं. भाकरी मला थापता येत नव्हती, सासूबाईंनी उकड काढून करायला शिकवली, आता पोळीपेक्षा तीच बरी वाटते.

अडचण येते ती छुप्या गव्हाची. मेतकुटात गहू असतो, सातूच्या पिठात असतो, बऱ्याच घरांत थालीपिठाच्या भाजणीतही मूठभर टाकतात. आणि हिंग! डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो, त्यात गव्हाचं नाहीतर तांदळाचं पीठ मिसळलेलं असतं, मागचं लेबल वाचा. मला गॅस झाला की सासूबाई हिंगपाणी द्यायच्या, आणि डबीवर मैदा लिहिलेला. दोघीही हसलो. बाहेर खायचं तर विचारूच नका. सिंहगड रोडच्या एका हॉटेलात मी विचारलं यात गहू आहे का, तर वेटर अगदी समजूत काढल्यासारखा म्हणाला, 'नाही मॅडम, गहू अजिबात नाही, मैदा आहे.'

गिरणीचंही बघावं लागतं, ज्या जात्यावर सकाळभर गहू पडतो त्याच जात्यावर तुमची ज्वारी. आमचे गिरणीवाले काका चांगले, म्हणाले वहिनी, आधी कोणाचे तांदूळ दळून घेतो मग तुमचं टाकतो. माझ्यासारखीला तेवढं पुरतं. पण खरा सिलिअक असेल तर चिमूटभर पीठही चालत नाही. पाकिटावर ग्लुटेन फ्री छापायला एफएसएसएआयची मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, त्यावरून समजा.

एवढं करून पोटाचं काय? साठ टक्के बरं. सकाळचा गुबारा गेला, पण अधूनमधून तसाच त्रास, कधी आमटी-भाकरीवरसुद्धा, कधी पावभाजीतली नुसती भाजी खाल्ली तरी. शेवटी मेमध्ये गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, 'टीटीजी केली होती का?' टीटीजी म्हणजे सिलिअकच्या अँटिबॉडीची रक्ताची टेस्ट. नाही म्हटल्यावर एक सुस्कारा. मग समजावलं की दोन रस्ते आहेत. एक, एचएलए डीक्यू२-डीक्यू८ ही जीन टेस्ट, तिला गहू खाण्याची गरज नाही, निगेटिव्ह आली तर सिलिअक जवळजवळ बादच. पण पॉझिटिव्ह आली तर काही सिद्ध होत नाही, कारण धडधाकट माणसांतही ती जीन्स भरपूर आढळतात. माझी पॉझिटिव्ह आली, अर्थात. दुसरा रस्ता मग राहिलाच, परत गहू खायचा, रोज दोन पोळ्या तरी, सहा-आठ आठवडे, आणि मग टेस्ट. ज्याच्यामुळे त्रास होतो असं वाटतं तेच औषधासारखं रोज गिळायचं, नवऱ्याने तर डॉक्टर बदलूया असंच सुचवलं.

जुलैमध्ये सुरू केलं. पहिला आठवडा वाईट गेला आणि मग विचित्र प्रकार, पोट हळूहळू बरं व्हायला लागलं. रोज गहू पोटात आणि त्रास कमी! मी डायरीत लिहीत होते म्हणून कळलं, नाहीतर कोणाचा विश्वास बसला नसता.

ऑगस्टच्या शेवटी टीटीजी आयजीए आणि सोबत टोटल आयजीए. ही दुसरी मागून घ्याच, काही लोकांत आयजीए या प्रकारच्या अँटिबॉडीच कमी असतात आणि मग पहिल्या टेस्टच्या निगेटिव्हला अर्थ राहत नाही. दोन्ही नॉर्मल. हिमोग्लोबिन कमी म्हणून एंडोस्कोपी पण केली. घाबरण्यासारखं खरंच नाही, उपाशीपोटी जायचं, घशात कडू स्प्रे मारतात, जीभ लाकडासारखी होते, दातांत प्लॅस्टिकची रिंग, आणि पाच-सात मिनिटं ओकारी आवरत नाकाने श्वास घेत पडायचं. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून चार-सहा तुकडे घेतात, ते काढताना कळतही नाही. रिपोर्ट नॉर्मल. सिलिअक नाही. रक्त कमी असायचं कारण पाळीतलं जास्त जाणं निघालं, त्याची गोळी वेगळी चालू आहे.

मग गूढ सुटलं ते डाएटिशियनकडे. तिने डायरी चाळली आणि विचारलं, जुलैपासून घरात काय बदललं? मी म्हटलं काहीच नाही. सासूबाई शेजारी बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, 'अगं चातुर्मास नाही का?' आमच्याकडे आषाढी एकादशीपासून कांदा-लसूण बंद. डाएटिशियन खुर्चीत सरळच झाली.

तर प्रकार असा की गव्हात ग्लुटेन हे प्रथिन असतं तसेच फ्रुक्टन नावाचे कर्बोदकांचे तुकडेही असतात. ते लहान आतड्यात कोणालाच पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जंतू त्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. बहुतेकांना चालून जातं, आतडं नाजूक असलेल्याला नाही. आणि फ्रुक्टन कांद्यात आणि लसणात भरपूर! मी गहू सोडून भाकरीबरोबर कच्चा कांदा आणि लसणाची चटणी खात होते. नॉर्वेत ५९ जणांवर प्रयोग झाला होता, सगळे सिलिअक नसलेले पण स्वतःहून ग्लुटेन सोडलेले, त्यांना काय देतोय ते न सांगता ग्लुटेन, फ्रुक्टन आणि नुसतं साधं असे बार दिले, तर गटाची सरासरी धरता सगळ्यात जास्त त्रास फ्रुक्टनने झाला, ग्लुटेनने नाही. २०१८ साली छापून आलं.

मग लो फॉडमॅप डाएट, म्हणजे फ्रुक्टनसारखी नीट न पचता गॅस करणारी कर्बोदकं कमी करायची, मेलबर्नच्या मोनॅश युनिव्हर्सिटीचं. काही आठवडे बरंच काही बंद आणि मग एकेक पदार्थ परत आणून बघायचा. हे कायमचं पाळायचं नसतं आणि शक्यतो जाणकाराच्या देखरेखीखालीच करा. माझं उत्तर: दोन पोळ्या चालतात, चार नाही. कांदा अजिबात नाही, पातीचा हिरवा भाग चालतो. लसणाची सोय तर मस्त आहे, फ्रुक्टन तेलात उतरत नाही, म्हणून फोडणीत अख्ख्या पाकळ्या परतायच्या आणि काढून टाकायच्या, आमटीला वास तोच.

एक सल्ला फुकटचा. लॅबवाले शंभर-दोनशे पदार्थांची फूड इन्टॉलरन्स टेस्ट म्हणून आयजीजीचं (ही दुसऱ्या प्रकारची अँटिबॉडी) पॅकेज विकतात, त्यात पैसे घालू नका. आयजीजीवरून तुम्ही काय खाता तेवढं फार तर कळतं, काय सोसत नाही ते नाही. माझ्या मैत्रिणीच्या रिपोर्टात तांदूळ, दूध, हळद सगळं लाल. आणि शौचातून रक्त, वजन आपोआप उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब यातलं काही असेल तर हे असले प्रयोग करत न बसता सरळ डॉक्टर गाठा.

ग्लुटेन फ्री आट्याची दोन सीलबंद पाकिटं शिल्लक आहेत, मार्चपर्यंत चालतील. कोथरूड-वारज्याकडे कोणाला खरंच सिलिअक असेल तर घेऊन जा, पैसे नकोत. पोळी जाडसर लाटा आणि मळताना पाणी गरम घ्या, जरा कमी फाटते.